पेरुजातल्या घरात ओ पेअर: पाचपैकी चार तारे

इटलीतल्या पेरुजा शहरातून परतल्यापासून सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या घरी ओळखीच्या, अनोळखी मुलींचे फोन येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, ओ पेअर म्हणून जावं का? माझं मत: पाचपैकी चार तारे, भाषा शिकायची असेल आणि लहान मुलांत मन रमत असेल तर जरूर जा. पैसे साठवायला मात्र जाऊ नका. तिथलं एक कुटुंब तुम्हाला राहायला खोली देतं, जेवू घालतं, हातखर्च देतं आणि तुम्ही त्यांची मुलं सांभाळता, असा हा व्यवहार आहे. मला महिन्याला 300 युरो मिळायचे. त्यात मोबाइल, बस आणि कधीमधी फ्लोरेन्सपर्यंतची रेल्वे भागायची, शिल्लक फारशी राहायची नाही.

आधी कागदांचं सांगते, कारण तिथंच फसवणूक होते. एका एजंटानं आम्हाला सांगितलं होतं, टूरिस्ट व्हिसावर पाठवतो, पुढचं तिथं गेल्यावर बघू. पप्पांनी त्याच्या टेबलावरून माझी फाइल उचलली आणि आम्ही निघालो. नियम असा आहे की तरुणांच्या देवाणघेवाणीच्या एखाद्या योजनेतून जात नसाल तर इटलीत ओ पेअरचा परवाना फार तर 3 महिन्यांचा. मला त्याहून जास्त राहायचं होतं, म्हणून मी भाषेच्या वर्गाला प्रवेश घेतला आणि विद्यार्थी व्हिसावर गेले. त्या परवान्यावर आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येतं. कुटुंबाशी बोलणी याच आकड्यावर केली. पेरुजा निवडलं तेही वर्गासाठीच. परदेशी लोकांना इटालियन शिकवणारं सरकारी विद्यापीठ तिथं आहे आणि तिथले वर्ग 1921 पासून चालू आहेत.

पोचल्यावर कामकाजाच्या 8 दिवसांच्या आत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. त्याचं पिवळ्या पट्टीचं पाकीट पोस्टात मिळतं. सोबत लागणारं 16 युरोचं मुद्रांक तिकीट मात्र सिगारेट-तंबाखूच्या दुकानातून आणायचं. हे कुणी आधी सांगितलं तर एक चक्कर वाचते. सरकारी आरोग्यसेवेत स्वतःहून नाव घालायचं असेल तर विद्यार्थ्यांना 2024 पासून वर्षाला 700 युरो पडतात. ते वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरतात. ऑक्टोबरात भरले तरी पूर्ण रक्कम जाते, हिशेब त्याप्रमाणे करा.

कामाचे तास लिहून घेतल्याशिवाय विमानात बसू नका. युरोपातल्या देशांनी 1969 साली स्ट्रासबुर्गला ओ पेअरचा करार केला, इटली त्यात सामील आहे. दिवसाला साधारण 5 तासांपेक्षा जास्त काम नको, आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी, वर्गाला जायला वेळ, जमेल तिथे स्वतंत्र खोली, हे त्यात सांगितलंय. कुटुंबानं मला लिहून दिलेल्या पत्रात हे सगळं होतं आणि त्या घरानं ते पाळलं. माझ्या वर्गातली एक मुलगी दुसऱ्या घरी होती, तिचं काहीच लेखी नव्हतं. आधी मुलांच्या कपड्यांची इस्त्री, मग घरातल्या सगळ्यांच्या, मग फरशी. ती रोज वर्गात पेंगायची. मला तिचं फार वाईट वाटायचं.

माझ्याकडे सांभाळायला दोन मुलं. मोठा तिसरीत, धाकटी बालवाडीत. सकाळी मी वर्गात, साडेचारला मुलांना आणायला शाळेच्या दारात. शाळा वाटेल त्याच्या हाती मूल देत नाही. आईवडिलांनी सही केलेलं अधिकारपत्र आणि माझ्या पासपोर्टची प्रत ऑफिसात आधी जमा होती, तरी सुरुवातीला बाई रोज पासपोर्ट बघायच्या. मला ते आवडलं. घरी आलं की खाणं, गृहपाठ, आंघोळ, आठला सगळ्यांचं जेवण. मुलांची आजी जवळच राहायची. मी डोक्यावरून न्हाऊन ओल्या केसांनी बाहेर निघाले की ती दारात अडवायची, वारं लागेल म्हणून. मुलांना आतून बनियन हवाच. आमच्या आईची आणि तिची कधी भेट नाही, पण बोलणं तेच.

आता मुख्य गोष्ट. मोठ्याला सिलिअॅक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन त्याला कणभरही चालत नाही. घरात त्याच्या पास्त्याचं पातेलं वेगळं, चाळणी वेगळी, लाकडी डाव वेगळा. इटलीत या आजारासाठी 2005 चा कायदा आहे, रुग्णांना ग्लुटेनमुक्त खाण्यासाठी सरकारकडून दरमहा मदत मिळते आणि पाकिटावर कणसावर काट मारलेलं चिन्ह असतं. पण मूल ते मूलच. पेरुजा ज्या प्रांतात आहे त्या उंब्रियात तोर्ता आल तेस्तो नावाची जाड पोळी तव्यावर भाजतात, मधून चिरून आत भाज्या नाहीतर मांस भरतात. रविवारी आजीकडे सगळे तीच खायचे आणि हा आपल्या डब्यातला कोरडा पाव.

ज्वारीत ग्लुटेन नसतं. आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि माझ्या बॅगेत तिचंच पीठ होतं. तरी ते त्याला दिलं नाही. गिरणीत आपल्याआधी कुणाचे गहू दळून गेलेत हे कोण सांगणार? आईच्या हातचं पीठ मी एकटीनं संपवलं. त्याच्यासाठी काट मारलेल्या कणसाचं ज्वारीचं पीठ तिथल्याच दुकानात मिळालं, सोबत नवा कोरा तवा घेतला.

पाकिटातलं पीठ जुनं, विरी गेलेलं. गार पाण्यात मळलं असतं तर थापताना काठ फुटले असते. म्हणून पाणी उकळलं, त्यात पीठ टाकून झाकून ठेवलं आणि सोसेल इतकं निवाल्यावर तळहाताच्या टाचेनं रगडून रगडून मळलं. परात नव्हती, ओट्याच्या संगमरवरावर भाकरी थापली. तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं, उलटली, मग थेट आचेवर धरली आणि टम्म फुगली. मुलगा स्टुलावर उभा राहून बघत होता. पापुद्रा त्यानं स्वतः सोडवला, आत टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल घातलं आणि आजीला दाखवायला पळाला. त्यानंतर दर रविवारी आजीच्या टेबलावर तोर्ताच्या शेजारी भाकरी असायची. त्या पहिल्या भाकरीच्या दिवशी त्याची आई स्वयंपाकघरात रडली. या घराला चार तारे देताना माझ्या डोळ्यांपुढे हे सगळं असतं.

शेंगा चटणीचं वेगळं सांगते. ज्या घरात लहान मुलं आहेत तिथं शेंगदाण्याचं पाकीट फोडण्याआधी अॅलर्जीचं विचाराच, तेही निघण्याआधी, मेलवर. आमच्याकडे कुणाला अॅलर्जी नव्हती, तरी घरगुती पाकिटावर ग्लुटेनचा काहीच उल्लेख नाही म्हणून मोठ्यापासून चटणी लांबच ठेवली. मोठ्या माणसांनी मात्र फडशा पाडला. उंब्रियाचा पाव बिनमिठाचा असतो, त्यावर ऑलिव्ह तेल आणि आपली झणझणीत चटणी काय लागते! कडक भाकऱ्याही छान टिकल्या. पेढे आणि तूप नेऊ नका, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. सोलापुरी चादर भेट म्हणून एकच न्या. वजनाला भारी असते, पण धाकटीनं तिचा तंबू केला तो शेवटपर्यंत मोडला नाही.

पाचवा तारा ऑगस्टमध्ये गेला. सगळं कुटुंब समुद्रावर, वर्ग बंद. 15 ऑगस्टला इकडे झेंडावंदन, तिकडे फेर्रागोस्तोची सुट्टी, आणि त्या पंधरवड्यात माझ्या तासांना धरबंद राहिला नाही. सकाळी किनाऱ्यावर मुलं माझ्याकडे, रात्री मोठी माणसं जेवायला बाहेर गेली की पुन्हा माझ्याकडे. बोलले तेव्हा त्यांनी ऐकलं, पुढे दोन सुट्ट्या जादा दिल्या. तुम्ही पत्रात सुट्टीच्या महिन्याचे तास वेगळे लिहून घ्या.

भाषेचं म्हणाल तर वर्गात व्याकरण आलं, बोलणं मुलांनी शिकवलं. पेरुजाच्या विद्यापीठाची चेली नावाची परीक्षा असते, तिची बी1 म्हणजे मधली पातळी मी तिथंच पास झाले. आता सोलापुरात बी2 चा अभ्यास चालू आहे. रविवारी व्हिडिओ कॉलवर मोठा माझी क्रियापदं तपासतो आणि मी त्याची भाकरी.