छापील पुस्तक की ई-रीडर? परदेश प्रवासापुरतं बोलायचं तर

गेल्या वर्षभरात आमचे दोन प्रवास झाले. ऑक्टोबरात इस्तंबूल आणि मे महिन्यात लिस्बन. पहिल्या वेळी मुलीनं वाढदिवसाला दिलेला ई-रीडर नेला, दुसऱ्या वेळी हट्टानं छापील पुस्तकं. तेव्हापासून ओळखीतलं कुणी वाचणारं माणूस परदेशी निघालं की मला विचारतं, ‘काय नेऊ?’ घरी बसून वाचायचं असेल तर माझ्यापुरता हा प्रश्नच नाही, तिथे कागद. प्रवासाचं मात्र वेगळं आहे. बॅटरी किती टिकते, किती पुस्तकं मावतात वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देतो.

वजनाबद्दलही फार बोलत नाही. जाताना चार पुस्तकं नेली की येताना नऊ होतात, हा नियम आमच्या घरी तरी अजून मोडलेला नाही. विमानतळावर काट्यासमोर बॅग उघडून जाडजूड कादंबरी कोटाच्या खिशात कोंबण्याचा प्रयोग मी केलेला आहे. ई-रीडरवाल्यावर ही वेळ येत नाही, एवढं पुरे.

इस्तंबूलला जायचं ठरलं तेव्हा तुर्की लेखक ओरहान पामुक यांची ‘द म्युझियम ऑफ इनोसन्स’ ई-रीडरवर वाचायला घेतली. २००८ सालची कादंबरी. प्रेयसीनं हाताळलेली एकेक वस्तू जमवत जाणाऱ्या माणसाची गोष्ट. पुढे पामुकनी चुकुरजुमा भागातल्या एका जुन्या घरात अशा वस्तूंचं संग्रहालय खरोखरच उभं केलं, ते २०१२ मध्ये खुलं झालं. कादंबरीची प्रकरणं ८३, तिथल्या काचपेट्याही ८३. आत शिरलं की भिंतभर सिगारेटची थोटकं, प्रत्येक टाचणीनं टोचलेलं, एकूण ४,२१३. मी वाचत होतो विमानात, फेरीबोटीवर, चहाच्या टपरीवर. अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की अर्थ दिसायचा. एखादी मावशी किंवा मामा दोनशे पानांनी पुन्हा उगवला, तर ‘हा कोण बुवा?’ हे शोधून काढता यायचं. इथवर ई-रीडरला शंभर गुण.

मग आम्ही संग्रहालयाच्या दारात पोचलो. ज्यांनी ही कादंबरी वाचली आहे त्यांना आठवत असेल, शेवटाकडे एका पानावर या संग्रहालयाचं तिकीट छापलेलं आहे. पुस्तक घेऊन या, त्या पानावर शिक्का मारून घ्या, आत फुकट जा. आमच्या पुढे एक मुलगी उभी होती. तिच्या प्रतीचे कोपरे दुमडलेले, पाठीला चिकटपट्टी. तिनं पान उघडलं, ठप्पकन शिक्का बसला. माझ्या हातात राखाडी पाटी. तिच्यावर शिक्का कुठे मारणार? विचारायचंही धाडस झालं नाही, गुपचूप तिकीट काढलं. पैशांचं काही नाही हो. पण अख्खी कादंबरी वाचून आलेल्या माणसानं, न वाचता आलेल्यांच्या रांगेत उभं राहायचं, हे लागलं. ही मला म्हणाली, ‘अहो, तुम्ही रुसलात की काय?’ रुसलोच होतो.

म्हणून लिस्बनला जाताना ई-रीडर कपाटात ठेवला आणि पोर्तुगीज लेखक जोसे सारामागो यांची रिकार्दो रेइसवरची कादंबरी छापील घेतली. रिकार्दो रेइस हे फर्नांदो पेसोआ या कवीनं स्वतःसाठी कल्पिलेल्या अनेक कवींपैकी एक. पेसोआ १९३५ च्या नोव्हेंबरात गेला, आणि सारामागोंच्या कादंबरीत हा कल्पित कवी त्यानंतर बोटीनं लिस्बनला परततो. भर पावसात उतरतो आणि रुआ दु अलेक्रिं या चढाच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात राहतो. बोटीच्या वाचनालयातलं एक पुस्तक चुकून त्याच्या सामानात येतं आणि ते त्याचं कादंबरीभर वाचून संपत नाही. (प्रवासात पुस्तकं नेणाऱ्यांचं याहून खरं चित्र मी तरी वाचलेलं नाही.)

कागदाचं सुख मी तिथे भरपूर भोगलं, हे कबूल करतो. त्या चढावरून बोट पानात अडकवून चालणं, मध्येच थांबून दोन ओळी वाचणं, पुन्हा निघणं. सान्ता कातारिना टेकडीवर अदामास्तोरचा पुतळा आहे. आपल्याच किनाऱ्याकडे निघालेल्या वास्को द गामाची वाट अडवणारा, कामोइंश या जुन्या पोर्तुगीज कवीच्या महाकाव्यातला तो राक्षस. कादंबरीत रेइस पुढे याच्या समोरच खोली घेतो. तिथल्या बाकावर पुस्तक मांडीवर उपडं टाकून बसता येतं. ई-रीडर उपडा टाकला तर नुसता झोपल्यासारखा वाटतो. ट्रामात एका आजोबांनी मुखपृष्ठ पाहून सारामागोंच्या नावावर बोट ठेवलं आणि पोर्तुगीजमध्ये बरंच काही सांगितलं. मला एक शब्द कळला नाही, पण ते खूश होते आणि मीही. पाटी हातात असती तर मी काय वाचतोय हे त्यांना कसं कळणार? लिस्बनच्या शियादू भागात १७३२ पासून चालत आलेलं बर्ट्रांड हे पुस्तकांचं दुकान आहे. तिथे पुस्तक विकत घेतल्यावर आत दुकानाचा शिक्का मारून मिळाला. इस्तंबूलचा राग तिथे निम्मा उतरला.

शिवाय सारामागोंचा परिच्छेद चार-चार पानं चालतो, संवादाला अवतरणचिन्हं नाहीत. असं लेखन छोट्या पडद्यावर वाचताना आपण कुठे आहोत तेच कळत नाही. छापील पानावर निदान ‘डावीकडे, खालच्या बाजूला होतं’ एवढी खूण मनात राहते. ज्यांना असले लेखक आवडतात त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

एवढं सगळं असूनही माझं मत फिरलं ते रात्रीमुळे.

मला पुण्यात पहाटे साडेपाचला जाग येते, चाळीस वर्षांची सवय. मे महिन्यात पुण्यातले साडेपाच म्हणजे लिस्बनमध्ये रात्रीचा एक वाजलेला असतो. पहिल्या रात्री टक्क जागा झालो. पुस्तक उशाशी, पण दिवा लावायचा कसा? हिची झोप सावध. उशाशी दिवा होता, तो दोघांच्या मधोमध भिंतीवर, आणि त्याचं बटण दाबलं की खोलीतले आणखी दोन दिवे लागायचे. ‘अहो, किती वाजले? मालवा ना ते.’ मालवला. मोबाइलचा टॉर्च पांघरुणात धरून पाहिला. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात चारशे पानं, पान उलटायला तिसरा हात लागतो. पुस्तकाला चिमट्यानं लावायचा छोटा दिवा मी नेला होता. तो नेमका डाव्या पानावर झगझगीत पडायचा आणि उजवं पान अंधारात.

शेवटी न्हाणीघरात गेलो. दिवा लावला तर त्याच्याबरोबर हवा बाहेर टाकणारा पंखाही सुरू झाला, घरघर घरघर. दोन्हींचं बटण एकच. कमोडचं झाकण टाकून त्यावर बसून मी रेइसच्या हॉटेलातल्या पावसाचं वर्णन वाचत होतो. पाय गारठले, पाठ आखडली. दहा मिनिटांनी दारावर टकटक. ‘पोट बिघडलंय का?’

असं चार रात्री चाललं. तुम्ही म्हणाल, खोली बदलून घ्यायची. पण मला आठवतात तेवढ्या परदेशातल्या खोल्यांत दिवे असेच मंद, पिवळे किंवा भलत्या जागी होते. वाचणारा माणूस कुणाच्या डोक्यातच नसतो की काय, कोण जाणे. इस्तंबूललाही जाग यायचीच, रात्री तीनला. तिथे मी पांघरुणात शिरून ई-रीडरचा उजेड अगदी कमी करायचो आणि उजाडेपर्यंत वाचायचो. हिला पत्ताही लागायचा नाही. नीट आठवून पाहिलं तर त्या कादंबरीचा अर्धाअधिक भाग मी रात्री तीन ते सहामध्ये वाचला. लिस्बनमध्ये आठ दिवसांत दीडशे पानं झाली, उरलेलं घरी येऊन संपवलं. दिवसा कोण वाचतो हो प्रवासात? पाय दुखेपर्यंत हिंडतो आपण.

तेव्हा एकटे जात असाल आणि झोप चांगली लागत असेल, तर छापीलच न्या, मी आडवा येणार नाही. मराठी वाचायचं असेल तरीही बहुधा कागदच न्यावा लागेल, कारण माझ्या यादीतली बरीच मराठी पुस्तकं मला ई-स्वरूपात सापडलेली नाहीत. पण सोबत कुणी असेल आणि पहाटे जाग येणारं तुमचं वय झालं असेल, तर माझा कौल ई-रीडरला. बरोबर एखादं पातळ छापील पुस्तक असू द्यावं, बाकावर उपडं ठेवायला. आणि इस्तंबूलला निघाला असाल तर ती एक कादंबरी कागदावरच घ्या.

माझ्याकडेही तिची छापील प्रत आली आहे, अप्पा बळवंत चौकातून. तिकिटाचं पान कोरं आहे. आता पुढच्या प्रवासाची जमवाजमव चालू आहे, आणि कालच हिनं आपणहून विचारलं, ‘तुमच्या त्या पाटीचा चार्जर घेतलात ना?’