डेस्कटॉपला नेट: यूएसबी डोंगल की लॅन केबल?

राउटर हॉलमध्ये, डेस्कटॉप आतल्या खोलीत आणि मध्ये विटांच्या दोन भिंती. मोबाइलवर सगळं ठीक, संगणकावर मात्र ऑनलाइन मीटिंग मध्येच गोठते. वायफायचा सिग्नल पुढे पसरवणाऱ्या रिपीटरचा मोह होतो, पण एकाच बँडवर (वायफायच्या लहरींच्या पट्ट्यावर) चालणारा साधा रिपीटर वेग जवळजवळ निम्म्यावर आणतो. मग उरतात यूएसबीत खोचून वायफाय पकडणारं डोंगल आणि थेट राउटरपासून आणलेली लॅन केबल.

पैसे घालण्याआधी दोष घरातलाच आहे ना, हे बघून घ्या. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) दिलं की ‘डिफॉल्ट गेटवे’पुढे राउटरचा पत्ता दिसतो. त्याला पाचेक मिनिटं सतत पिंग (उत्तर किती वेळात येतं ते मोजणारी कमांड) लावा. आकडा २-३ मिलिसेकंदांवरून ३०० वर उड्या मारत असेल, तर गडबड घरातल्या वायफायची. तो स्थिर राहून ८.८.८.८ (गूगलचा इंटरनेटवरचा पत्ता) चं पिंग तुटत असेल, तर बहुधा बाहेरची लाइन. मग यातलं काहीच विकत घेऊ नका.

डोंगलची सोय मोठी आहे: भिंतीला भोक नाही, घरमालकाला विचारणं नाही. घ्यायचंच तर नखाएवढं नको, बाहेर अँटेना असलेलं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ अशा दोन्ही बँडचं घ्या. कॅबिनेटच्या मागे पत्र्याआड खोचण्यापेक्षा मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शनने टेबलावर आणा. शेजारच्या यूएसबी ३ पोर्टात हार्डडिस्क असेल तर तिचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात येतो आणि वेग कोसळतो. ५ गिगाहर्ट्‌झवर हा त्रास नाही, पण दोन भिंतींपलीकडे ते लंगडतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची टिकही काढून टाका.

एवढं करूनही ते अधूनमधून तुटतं आणि का तुटलं ते कळत नाही, हेच मला सर्वांत खटकतं. शेजारचा राउटर, मायक्रोवेव्ह, ड्रायव्हरचं अपडेट, संशयित पुष्कळ. काढून परत लावलं की चालू. असा दोष कायमचा जातच नाही, आणि माझं पारडं केबलकडे झुकलं ते इथेच.

केबलही बिघडते, पण बिघाडाचा माग लागतो. पोर्टातला दिवा विझला तर प्लग, वायर किंवा पोर्ट. विंडोजमध्ये लिंकचा वेग १००० मेगाबिटऐवजी १०० दिसला, तर बहुतेकदा आठांपैकी एखादी तार प्लगमध्ये बसलेली नाही. १०० ला चार तारा पुरतात, १००० ला आठही लागतात. प्लग कापून नवा क्रिम्प केला (खास पक्कडीने दाबून बसवला) की काम झालं. दोन्ही टोकांना क्रम एकच ठेवा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

दुकानात ‘कॅट ६, शुद्ध तांबं’ असं स्पष्ट मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार क्रिम्प करताना सहज तुटते. प्लग साधारण १२ मिलिमीटर रुंद असतो, म्हणून बिनप्लगची केबल घेतली तर ८ मिलिमीटरचं भोक पुरतं, प्लग नंतर लावायचा. विजेच्या तारांच्या पाइपातून मात्र ती नेऊ नका.

भाड्याचं घर वर्षभरात सोडायचं असेल तर डोंगल घ्यायला माझी ना नाही. पण त्याआधी दाराच्या चौकटीवरून क्लिपांनी चपटी तयार केबल नेता येते का, तेवढं टेपने मोजून पाहा. दाराखालून नेऊ नका. फळीखाली रोज चेंगरून आधी एखादीच तार जाते आणि लिंक १०० वर येते.