ऊनो आर-३ बोर्ड: ठिबकच्या वालला झकास, पण दुसऱ्या बोर्डाचा प्रोग्राम तपासूनच टाका

वरूडकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत ठिबकचे वाल हाच बोर्ड (अर्डुइनो ऊनो आर-३, प्रोग्रामवर चालणारा छोटा कंट्रोलर) उघडतो आणि बंद करतो. लाइन कितीदाही गेली तरी आली की आपोआप सुरू होतो. पिनवर पाच व्होल्ट मिळतात, त्यामुळे बाजारातलं साधं रिले मॉड्यूल (बोर्डाच्या इशाऱ्यावर वालची वीज चालू-बंद करणारा स्विच) थेट जोडता येतं. ईएसपी-३२ या दुसऱ्या बोर्डाचं काम ३.३ व्होल्टवर, तिथे काही रिले कुरकुरतात.

आता खरी गोष्ट. शेजारच्या वावरातल्या दादांचा ईएसपी-३२ वर हंगामभर चाललेला प्रोग्राम त्यांनी स्वतः येऊन आमच्या ऊनोवर टाकून दिला. पहिल्याच पाळीला गडी धुऱ्यावरून ओरडला, "भाऊ, वाल उघडला की लगेच बंद होऊन राहिला!" दहा मिनिटांऐवजी दहा सेकंद.

डिलेमध्ये, म्हणजे प्रोग्रामला थांबवून ठेवणाऱ्या आज्ञेत, १० × ६० × १००० लिहिलं होतं, म्हणजे ६,००,००० मिलिसेकंद. ईएसपी-३२ वर इंट (पूर्णांक ठेवायचा कप्पा) ३२ बिटांचा, त्याला सहा लाख म्हणजे काहीच नाही. आर-३ वर इंट १६ बिटांचा, कमाल ३२,७६७. १६ बिटांत ६५,५३६ च वेगळे आकडे मावतात, म्हणून सहा लाखांतून ६५,५३६ चे नऊ फेरे गळतात आणि उरतात १०,१७६. तिथे पाच मिनिटं असती तर जास्त नुकसान होतं: उत्तर उणे २७,६८० येतं, डिले त्याला प्रचंड मोठा आकडा समजतो आणि वाल ४९ दिवस उघडा राहतो. संत्र्याला इतकं पाणी म्हणजे डिंक्या रोगाला आमंत्रणच.

यात बोर्डाचा दोष नाही. सी भाषेत इंट किमान १६ बिटांचा हवा, एवढाच नियम. दोन्ही बोर्ड तो पाळतात. आकड्यामागे यूएल (अनसाइन्ड लाँग, म्हणजे ३२ बिटांचा बिनउणे आकडा) लावलं की काम होतं. ओलीच्या सेन्सरचंही पाहा: रीडिंगला शंभरने गुणून टक्के काढत असाल, तर ३२७ च्या वर रीडिंग गेलं की टक्के चुकतात, कधी उणेही दिसतात.

माझा राग विकणाऱ्यावर आहे. डब्यात जोडणीचं रंगीत चित्र दिलं, याबद्दल अक्षर नाही. आयडीईतही (प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) कंपायलरच्या सूचना मुळात बंद असतात; प्रेफरन्सेसमध्ये 'ऑल' करा, ओव्हरफ्लोची, म्हणजे आकडा मावत नसल्याची, ओळ लगेच दिसते.

दोन-चार वाल असतील तर आर-३ बिनधास्त घ्या. मोबाईलवरून चालवायचं असेल तर ईएसपी-३२, त्यात वायफाय आहे. आणि दुकानदाराने आर-४ (ऊनोचीच पुढची आवृत्ती) दिला, तर त्यात इंट ३२ बिटांचाच असतो.