मस्टँग, कॅमॅरो आणि चॅलेंजर : ताशी ऐंशीच्या आतला हिशेब

मुंबईच्या सागरी किनारा मार्गावर ताशी 80 किलोमीटरची वेगमर्यादा आहे. बोगद्यात ती 60 वर येते आणि वळणांवर 40 वर. अटल सेतूवर 100 पर्यंत मुभा आहे, पण तिथे रस्ता इतका सरळ आहे की गाडीच्या स्वभावाचा फारसा पत्ता लागत नाही. चारशेच्या वर अश्वशक्ती असलेली अमेरिकी मसल कार, म्हणजे मोठ्या ताकदीचे इंजिन घातलेली दोन दारांची गाडी, या शहरातल्या माणसाने जोखायची, तर या मर्यादांच्या आत ती काय देते यावरच जोखायला हवी, असे माझे मत आहे. शून्यावरून शंभर गाठायला तिन्ही गाड्यांना साधारण चार ते पाच सेकंद लागतात. त्यांच्यातल्या अर्ध्या सेकंदाच्या फरकावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. वरळी ते हाजी अली या पट्ट्यात तो फरक कोणाच्याही कामाचा नाही.

ज्या तीन गाड्यांविषयी लिहीत आहे त्या म्हणजे फोर्ड मस्टँग जीटी, शेवरले कॅमॅरो एसएस आणि डॉज चॅलेंजर आर/टी स्कॅट पॅक. मस्टँग पार्ल्यातल्या एका मित्राची आहे; 2016 मध्ये फोर्डने ती भारतात अधिकृतपणे विकायला सुरुवात केली, तेव्हाची. तिच्यावर माझा हात मुंबईतच बसला. बाकीच्या दोन्ही गाड्या कारखान्यातून डाव्या स्टिअरिंगच्याच बाहेर पडत आणि आपल्याकडे नव्या गाडीच्या आयातीसाठी उजवे स्टिअरिंग सक्तीचे असल्यामुळे त्या इथल्या शोरूममध्ये आल्या नाहीत. लॉस एंजेलिसला मावसभावाकडे गेले असताना त्या भाड्याने घेतल्या आणि शहरातल्या गर्दीत, तसेच सॅन गॅब्रिएल डोंगरांत चढत जाणाऱ्या अँजेलिस क्रेस्ट महामार्गावर चालवल्या.

मस्टँगविषयी आधी सांगते, कारण आपल्या रस्त्यांवर दिसते ती हीच. एप्रिल 1964 मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात पहिली मस्टँग लोकांपुढे आली आणि तिथून पुढे जवळजवळ पन्नास वर्षे, एखाददुसरी खास आवृत्ती वगळता, तिची मागची दोन्ही चाके एकाच सलग ॲक्सलने जखडलेली राहिली. एक चाक खड्ड्यात गेले की दुसऱ्यालाही हिसका बसायचा. 2015 च्या मॉडेलमध्ये मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले आणि त्याच पिढीत कारखान्याने प्रथमच उजव्या स्टिअरिंगची मस्टँग बनवली. इस्टर्न फ्रीवेवर पुलाचे सांधे एकामागून एक येतात, तिथे या बदलाची किंमतही कळते आणि मर्यादाही: गाडीचे नाक सांध्यावरून उतरताच स्थिर होते, मागचा भाग मात्र पुन्हा एकदा हलका डोलतो आणि मगच बसतो. भीती वाटावी असे त्यात काही नाही, पण पुढची आणि मागची चाके एकाच मताची नाहीत, ही जाणीव चालवणाऱ्याच्या कमरेला सतत होत राहते. ब्रेक जोरात दाबला की नाक खाली जाते, ॲक्सिलरेटर दाबला की बूड बसते. मला ही हालचाल आवडते, कारण वजन कुठे सरकते आहे ते ताशी 50 लाही समजते.

अडचण इंजिनाची आहे. मस्टँगचे पाच लिटरचे व्ही-8, म्हणजे चार-चारच्या दोन तिरक्या रांगांत आठ सिलिंडर असलेले इंजिन, हे तिघांत सर्वांत आधुनिक बांधणीचे: चार कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), बत्तीस व्हॉल्व्ह आणि मिनिटाला जास्तीत जास्त फेऱ्यांची भूक. अमेरिकेत त्या वर्षीची गाडी 435 अश्वशक्तीची होती. भारतात आलेल्या गाडीत 401 पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) आणि 515 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, मिळतो. तिची खरी मजा चार हजार फेऱ्यांच्या पुढे सुरू होते, आणि सहा गिअरची ऑटोमॅटिक तर ताशी 80 ला इंजिनाला दीड हजारांच्या आसपास निवांत ठेवते. अशा वेळी पेडल दाबले की गिअरबॉक्स क्षणभर विचार करतो, मग दोन-तीन गिअर खाली येतो, आवाज चढतो, पाठ सीटला चिकटते आणि तेवढ्यात वेगमर्यादा मागे पडलेली असते. स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर आधीच खाली ठेवला तर थोडे बरे. ही गाडी मुंबईत सतत एखाद्या गोष्टीची सुरुवात करून देते आणि शेवट कॅमेऱ्याच्या भीतीने सोडून द्यावा लागतो. स्टिअरिंगचे वजन बदलायचे बटण आहे. ‘स्पोर्ट’मध्ये ते नुसते जड होते, रस्त्याची खबर काही जास्त देत नाही, त्यामुळे ‘नॉर्मल’च ठेवावे.

कॅमॅरोत बसल्यावर पहिली तक्रार डोळ्यांची असते. खिडकीची खालची कड जवळपास खांद्याला लागते, छत कपाळावर आलेले, आणि सिग्नलला पहिल्या क्रमांकावर थांबले तर वरचा दिवा पाहण्यासाठी मान वाकवावी लागते. आतली एक गोष्ट मात्र झकास आहे: एसीचे तापमान बदलायला वेगळे बटण नाही, हवेच्या गोल झरोक्याभोवतीची कडीच फिरवायची. हात तिथे आपोआप जातो. एवढा बारीक विचार करणाऱ्या लोकांनी खिडक्यांचा विचार का केला नसेल, ते त्यांनाच ठाऊक.

पण डोंगर सुरू झाला आणि तक्रार विसरले. सहाव्या पिढीची ही कॅमॅरो जनरल मोटर्सच्या ‘अल्फा’ सांगाड्यावर उभी आहे; त्यावरच कॅडिलॅकची एटीएस ही चपळ सेडान बनली होती. लांबीला कॅमॅरो आणि मस्टँग दोन्ही सुमारे 4.78 मीटर, वजनातही फार अंतर नाही, तरी वळणात शिरताना दोघी वेगळ्या वंशाच्या वाटतात. मस्टँगचे स्टिअरिंग वळवले की आधी अंग झुकते आणि मग नाक वळते. कॅमॅरोत मनगट हलताच नाक वळणाकडे गेलेले असते, मागची चाके तक्रार न करता त्यामागून येतात, आणि वळणाच्या मध्यावर रस्ता उखडलेला निघाला तरी हातातली रेषा ढळत नाही. 6.2 लिटरचे तिचे इंजिन जुन्या पद्धतीचे, म्हणजे एकच कॅमशाफ्ट आणि प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह, पण 455 अश्वशक्ती आणि 617 न्यूटन-मीटर देणारे. आकारमान मोठे असल्यामुळे कमी फेऱ्यांतही पिकअप दांडगा आहे. चालवण्याच्या कौशल्याला दाद देणारी गाडी हवी असेल तर तिघांत हीच अव्वल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मात्र ती दाद मिळवायला वळणे लागतात आणि वेगही लागतो. शहरात, ताशी 50-60 ला, कॅमॅरो अबोल होते. तिला त्या वेगात काही कष्टच पडत नाहीत, म्हणून ती काही सांगतही नाही. ऑटोमॅटिक गाडीत तर हलक्या पायाला आठपैकी चार सिलिंडर बंद होतात आणि खाली एक कंटाळवाणी घरघर उरते.

चॅलेंजरला अमेरिकी समीक्षकांनी वर्षानुवर्षे जडशीळ म्हणून नावे ठेवली आणि ती खोटी नाहीत. ही गाडी पाच मीटरहून लांब, 1,900 किलोच्या आसपास भरणारी, आणि 2008 मध्ये आली तेव्हा तिच्याखालचा सांगाडा डॉजची मालक क्रायस्लर आणि मर्सिडीजवाली डेम्लर यांच्या एकत्र संसाराच्या काळातला होता, ज्यात मर्सिडीजच्या सस्पेन्शनचा अंश आहे. अँजेलिस क्रेस्टवर ती हत्तीसारखी चढली. प्रत्येक वळणाची तिला आधी कल्पना द्यावी लागे. वाहतुकीत शिरल्यावर मात्र चित्र बदलले. बसण्याची जागा उंच आणि ऐसपैस, समोरचा रस्ता स्वच्छ दिसणारा (मागचे जाड खांब अडवतात, ते वेगळे), खड्डे गिळणारे सस्पेन्शन आणि 6.4 लिटरचे हेमी इंजिन. त्याची अश्वशक्ती 485, टॉर्क 644 न्यूटन-मीटर. महत्त्वाचे हे की पेडलच्या पहिल्या चतुर्थांशातच त्यातला एवढा वाटा हाती येतो की गिअरबॉक्सला खाली यायची गरज पडत नाही. सिग्नल सुटला, पाय जेमतेम ठेवला, लांबलचक बॉनेट किंचित उचलले गेले, आणि ताशी 60 पर्यंतच्या त्या काही सेकंदांत मसल कारकडून जे अपेक्षित असते ते सगळे मिळाले.

आवाजाबद्दल थोडेसे. तिन्ही इंजिनांचे क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, क्रॉस-प्लेन पद्धतीचे (त्याचे कोपरे एकमेकांना काटकोनात) असल्यामुळे एका बाजूच्या चार सिलिंडरांतले स्फोट समान अंतराने होत नाहीत, आणि तीच ती अडखळत गुरगुरणारी लय. मस्टँगची वर चढताना सुरेल होते, कॅमॅरोची कोरडी आणि कडक आहे, चॅलेंजरची नुसती उभी असतानाही छातीत जाणवते. वेगळा सायलेन्सर बसवायची काहीही गरज नाही. तो बसवणाऱ्यांमुळेच सागरी मार्गालगतच्या रहिवाशांच्या तक्रारी होतात आणि त्या रास्त आहेत.

म्हणजे डोंगरात क्रम कॅमॅरो, मस्टँग, चॅलेंजर असा लागतो, आणि मुंबईच्या वेगमर्यादेत तो नेमका उलटतो: चॅलेंजर, मस्टँग, कॅमॅरो. मस्टँग दोन्हीकडे मधोमध राहते आणि आपल्याकडे रीतसर विकली गेलेली तेवढीच एक आहे. डाव्याचे उजवे करून घेतलेली कॅमॅरो कोणी दाखवली तर मी घेणार नाही. तिच्यात पैसे मोजावेत असे जे स्टिअरिंग, त्यालाच तिथे हात लागलेला असतो. जुनी मस्टँग पाहताना पोटाखालचे आवरण आधी तपासावे, कारण जमिनीपासून तिची उंची सुमारे 137 मिलिमीटर आहे आणि आपल्याकडचे गतिरोधक तिरके ओलांडले तरी कधी ना कधी घासतातच. फोर्डने 2021 मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, त्यामुळे सुट्या भागांची चौकशी व्यवहाराआधी करावी. शहरात पेट्रोल लिटरला पाच-सहा किलोमीटर जाते. मित्राने याविषयी बोलणे सोडले आहे.

अमेरिकेत जाऊन भाड्याने चालवायचे मनात असेल तर आरक्षण करताना व्ही-8 आहे का, हे स्पष्ट विचारावे. याच नावांखाली मस्टँग 2.3 लिटरच्या आणि कॅमॅरो 2 लिटरच्या चार सिलिंडरांच्या टर्बो इंजिनासह, तर चॅलेंजर 3.6 लिटरच्या व्ही-6 सहही विकली गेली, आणि वरवर पाहता फरक चटकन लक्षात येत नाही. चॅलेंजर आणि कॅमॅरो दोन्हींचे उत्पादन डिसेंबर 2023 मध्ये बंद झाले, तेव्हा पुढे मिळतील त्या वापरलेल्याच. टायरची अवस्था पाहूनच किल्ली घ्यावी.