वयानुसार व्हाइट मॅटरमध्ये पडणारे डाग मोजायला बियांका: उपयोगाचं, पण आधी शिकवावं लागणारं

साठी ओलांडलेल्या माणसाच्या एमआरआयमध्ये फ्लेअरवर (डाग उजळ दाखवणाऱ्या स्कॅनवर) पांढरे ठिपके किंवा व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीच्या) कडेने पट्टे दिसणं नेहमीचंच. रिपोर्टमध्ये ते फाझेकास ग्रेड, म्हणजे डोळ्यांनी बघून दिलेली श्रेणी, म्हणून उतरतात: व्हेंट्रिकलभोवती 0 ते 3, खोल व्हाइट मॅटरमध्ये (मेंदूच्या आतल्या, मज्जातंतूंच्या पांढऱ्या भागात) 0 ते 3. रोजच्या कामाला तेवढं पुरतं. पण डाग वाढत चाललेत का हे सांगायचं असेल, तर ग्रेड तोकडी पडते, कारण 3 च्या वर जागाच नाही. तिथे आकारमान मिलिलिटरमध्ये लागतं. त्यासाठी ऑक्सफर्डच्या एफएसएल या मेंदूच्या स्कॅनसाठीच्या सॉफ्टवेअर पॅकेजमधलं, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेलं बियांका हे साधन मनापासून सुचवावंसं वाटतं, फक्त त्याच्या अटी पाळल्या पाहिजेत.

पहिली अट शिकवणीची. बियांका प्रत्येक व्हॉक्सेलची (स्कॅनमधल्या छोट्या घनाची) उजळता आणि जागा बघून, हाताने रंगवलेल्या नमुन्यांमधले सगळ्यांत मिळतेजुळते बिंदू ('जवळचे शेजारी') शोधतं आणि डाग असण्याची शक्यता 0 ते 1 मध्ये देतं. म्हणजे आधी डझन-दोन डझन स्कॅन हाताने रंगवायचे, तेही आपल्याच मशीनवरचे. त्यात सौम्य आणि भरपूर डाग असलेले दोन्ही घ्या. फक्त जास्त डागांचे घेतले, तर तरुण मेंदूतही ते डाग शोधत बसतं.

प्रत्येक पेशंटची फ्लेअर, टी-वन (मेंदूची रचना दाखवणारा स्कॅन) आणि मास्क (हाताने रंगवलेल्या डागांची प्रतिमा) एकाच जागेत, शक्यतो फ्लेअरच्याच, जुळवलेले हवेत. मशीनच्या कॉइलमुळे (सिग्नल टिपणाऱ्या अँटेनामुळे) पडलेला उजेड-अंधार आधी काढून टाका. मग मास्टर फाइलमध्ये पेशंटमागे एक ओळ: फ्लेअर, टी-वन, प्रमाण मेंदूशी जुळवणारी मॅट्रिक्स फाइल, मास्क. डागाचे 2000 आणि बिनडागाचे 10000 बिंदू घ्या, आणि बिनडागाचे बिंदू डागाच्या कडेला लागून नसलेले निवडा. कडेचा व्हॉक्सेल धड इकडचा नसतो, धड तिकडचा नसतो. तो शिकवणीत आला की निकालातली कड पसरते.

खरी मेख पुढे आहे. चुकीचे डाग वगळायला टी-वनवरून वेगळा मास्क (डाग कुठे शोधायचे ते ठरवणारा) बनवणारी स्क्रिप्ट सोबत मिळते. ती कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर), थॅलॅमस, प्युटामेन, ब्रेनस्टेम आणि सेरिबेलम कापून टाकते. कॉर्टेक्स फ्लेअरवर मुळातच जरा उजळ असतो, त्यामुळे हे कापणं बहुतेक वेळा हवंच. पण त्यासोबत पॉन्समधले (ब्रेनस्टेमच्या मधल्या भागातले) खरे डागही जातात. डाग डोळ्यांनी बघून गुण देणाऱ्या वालुंड यांच्या 2001 च्या श्रेणीत दोन्ही बाजूंचे पाच-पाच भाग 0 ते 3 ने मोजतात, एकूण 30. त्यातल्या इन्फ्राटेन्टोरियल (ब्रेनस्टेम, सेरिबेलम) आणि बेसल गँग्लिया (प्युटामेन, थॅलॅमस वगैरे) या दोन भागांबद्दल बियांकाचा आकडा जवळपास मुका असतो. त्यामुळे त्याचे मिलिलिटर आणि वालुंडचे गुण समोरासमोर ठेवताना फक्त फ्रंटल, पॅरायटो-ऑक्सिपिटल आणि टेम्पोरल भागांचे गुण घ्या. हे न करता दोन्हींचा मेळ बसत नाही म्हणणं सॉफ्टवेअरवर अन्याय आहे.

थ्रेशोल्ड, म्हणजे डाग मानायला लागणारी किमान शक्यता, 0.9 पासून सुरू करा आणि रंगवलेल्या स्कॅनवर ताडून बदला. एकाच थ्रेशोल्डने व्हेंट्रिकलजवळ डाग फुगतात आणि खोलवरचे छोटे ठिपके निसटतात, ही त्याची मोठी उणीव. किमान क्लस्टरचा (डाग धरायचा सगळ्यांत छोटा गट) आकडा व्हॉक्सेलमध्ये द्यावा लागतो, तिथेही जपून. 1 मिमीच्या थ्रीडी फ्लेअरवर 5 व्हॉक्सेल म्हणजे 5 घन मिमी. 1×1×5 मिमीच्या जाड स्लाइसवर तेच 5 व्हॉक्सेल 25 घन मिमी होतात. दोन्ही प्रकारचे स्कॅन एकाच तक्त्यात टाकायचे असतील, तर आधी हिशेब घन मिमीमध्ये करा.

जुना स्ट्रोक असेल तर त्याभोवतीचा ग्लायोसिसही (मेंदूतला व्रण) उजळ दिसतो आणि बियांका तो वयाचा डाग म्हणून मोजतं. असा भाग हाताने वेगळा करून वगळा. व्हेंट्रिकलमधल्या सेप्टम पेल्युसिडम आणि कोरॉइड प्लेक्ससवरही नजर ठेवा, तिथेही चुकीचे डाग दिसतात. शेवटी प्रत्येक निकाल फ्लेअरवर चढवून, स्लाइस सरकवत डोळ्यांनी तपासायचाच. आकारमान कवटीच्या आतल्या एकूण आकारमानाने भागा, नाहीतर मोठ्या डोक्याचा माणूस उगाच जास्त आजारी दिसतो.

एफएसएल लिनक्स आणि मॅकवर चालतं. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) लागतं. अभ्यास-संशोधनासाठी ते फुकट आहे, व्यावसायिक वापराला वेगळा परवाना घ्यावा लागतो, हे खासगी सेंटरवाल्यांनी आधीच बघून ठेवावं. मास्क रंगवायला माणूसच नसेल, तर फ्रीसर्फर या दुसऱ्या पॅकेजमधलं सॅमसेग किंवा डब्ल्यूएमएच-सिंथसेग घ्या. त्यांना आपली शिकवणी लागत नाही.