गॅब्रिएल आधी ऐकायचा की कॉलिन्स? माझं मत कॉलिन्सला, पण थोडं ऐकून घ्या

जेनेसिस हा ब्रिटिश रॉक बँड ऐकून झालंय, त्यांच्या 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' या अल्बमपर्यंत पोचलात आणि आता पुढे पीटर गॅब्रिएलच्या मागे जायचं का फिल कॉलिन्सच्या, असा प्रश्न ज्यांना पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. इंदूरमध्ये ही जमात काही फार मोठी नाही, पण जी आहे ती भांडखोर आहे. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला भेटलो तरी मध्यंतरात चहाचा कप हातात घेऊन हाच विषय निघतो आणि घरचे लोक हळूच लांब जाऊन उभे राहतात.

गॅब्रिएल आधी, कारण बँडमधून बाहेर तोच आधी पडला. 1975 साल, बँड चढतीवर, हा त्याचा गायक आणि चेहरा, स्टेजवर चित्रविचित्र पोशाख घालून फिरणारा, आणि नेमका तेव्हाच निघून गेला. घरी तान्ही मुलगी, तिच्या जन्माच्या वेळी बरंच काही सोसून झालेलं, वर बँडमध्ये कुरबुरी. दोन वर्षांनी 'सॉल्सबरी हिल' आलं, ते बँड सोडण्यावरच आहे, आणि गंमत म्हणजे जवळजवळ सगळं सात मात्रांत. माझा एक मावसभाऊ तबला शिकलेला, रॉकशी त्याचा काही संबंध नाही, त्याने पहिल्याच वेळी मांडीवर बरोबर ताल धरला आणि म्हणाला रूपकसारखं चाललंय की हे, आणि आमचे वीस-वीस वर्षं रॉक ऐकणारे भिया लोक अजून चौथ्या मात्रेनंतर पाय चुकवतात.

पुढे त्याला जगभरच्या संगीताचं वेड लागलं. वोमॅडचा पहिला महोत्सव 1982 मध्ये केला, पैशात साफ बुडाला, आणि कर्ज फेडायला मदत म्हणून जुनी जेनेसिस मंडळी ऑक्टोबरमध्ये मिल्टन कीन्सला भर पावसात त्याच्यासोबत स्टेजवर उभी राहिली. ज्या बँडला सोडून गेला त्यांनीच हात दिला, हे मला त्याच्या अख्ख्या चरित्रातलं सगळ्यात आवडतं पान. नुसरत फतेह अली खान 1985 मध्ये वोमॅडला गायले, नंतर त्यांचे रेकॉर्ड गॅब्रिएलच्याच रिअल वर्ल्ड लेबलवर निघाले, गॅब्रिएलच्या 'पॅशन' अल्बममध्येही त्यांचा आवाज आहे. हे सगळं मान्य. माणूस म्हणून, विचार म्हणून गॅब्रिएल मोठाच आहे, त्यावर माझा वाद नाहीच.

कॉलिन्स 1970 मध्ये ड्रमर म्हणून आला. गॅब्रिएल गेल्यावर बँडने बऱ्याच गायकांच्या ऑडिशन घेतल्या, कोणी पटेना, शेवटी जो मागे बसून कोरस गायचा त्यालाच माइकसमोर आणलं. 1976 चा 'अ ट्रिक ऑफ द टेल' ऐका, माहीत नसेल तर गायक बदललाय हे पटकन कळणारसुद्धा नाही. मग लग्न मोडलं, घरात एकटा बसून डेमो करत राहिला आणि 1981 मध्ये त्याचा स्वतःचा पहिला अल्बम 'फेस व्हॅल्यू' आला. त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहेच, 1985 च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीच्या दिवशी लंडनमध्ये गाऊन कॉन्कॉर्ड विमानाने फिलाडेल्फियाला जाऊन परत गाणं वगैरे. ऐंशीच्या दशकात हा माणूस इतका दिसला की लोक वैतागले, आणि तो राग अजून त्याच्या गाण्यांवर निघतो असं मला तरी वाटतं.

आता ड्रम्स. कॉलिन्सचा म्हणून जो तो धाडकन उठून कापल्यासारखा थांबणारा आवाज आहे ना, तो जन्मला गॅब्रिएलच्या रेकॉर्डवर! 1980 चा तिसरा अल्बम, 'इन्ट्रूडर' नावाचं गाणं, ड्रमवर कॉलिन्स, आणि गॅब्रिएलची अट अशी की झांजा अजिबात वाजवायच्या नाहीत. वादक स्टुडिओतून काय बोलतोय ते कंट्रोल रूममध्ये ऐकायला जो टॉकबॅकचा माइक असतो त्यातून ड्रम दाबून, फुगून ऐकू आले, ते इंजिनिअर ह्यू पॅडगमच्या लक्षात आलं, आणि त्याच पॅडगमला घेऊन कॉलिन्सने पुढच्याच वर्षी 'इन द एअर टुनाइट' आणलं. त्यामुळे कोणी कोणाचं काय घेतलं याचा हिशोब लावत बसू नका. 1986 मध्ये तर गॅब्रिएलच्या 'स्लेजहॅमर'ने अमेरिकेत एक नंबरवरून ज्याला खाली ढकललं ते गाणं कॉलिन्सच्या जेनेसिसचंच होतं, 'इनव्हिजिबल टच'.

मग माझं पारडं कॉलिन्सकडे का झुकलं? पंख्यामुळे. हसू नका.

मी राहतो इंदूरच्या एबी रोडपासून, म्हणजे आग्रा-बॉम्बे रोडपासून, दोन गल्ल्या आत. मार्चपासून पंखा पाचवर, खाली हॉर्न, समोर कोणाचं तरी कूलर घरघरतंय. या सगळ्यात गॅब्रिएल लावला की गाण्याचा अर्धा भाग दिसतच नाही. 'मर्सी स्ट्रीट' लावा, तो जवळजवळ कुजबुजतोय, खाली बारीक बारीक वाद्यं सरकतायत, आणि त्यावर पंख्याची टकटक. आवाज वाढवला की तो कुठल्या क्षणी अंगावर येईल सांगता येत नाही. 2002 चा 'अप' आहे ना, त्याचं पहिलंच गाणं 'डार्कनेस', सुरुवातीला काही ऐकूच येत नाही म्हणून रात्री व्हॉल्यूम चढवला, आणि एकदम असा काही कर्कश धडाका झाला की आई आतल्या खोलीतून "काय पडलं रे?" म्हणत बाहेर आली. हे मुद्दाम केलेलं आहे, कळतं मला, भीतीवरचंच गाणं आहे ते. पण म्हणून दर गाण्याला रिमोट हातात धरून बसायचं का? ज्या गावात अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित ऐकून माणसं डुलायची त्या गावचा मी, संथपणाची मला अडचण नाही. प्रत्येक वेळी आधी कान टवकारायचे आणि लगेच दचकायचं, त्याचा कंटाळा येतो. जेल रोडवरून बरे स्पीकर आणले, फरक पडला, पण पंखा तर तोच आहे.

कॉलिन्सचं तसं नाही. 'इन द एअर टुनाइट'ही हळूच सुरू होतं, साडेतीन मिनिटं वाट बघायला लावतं, पण ड्रम मशीनची टिकटिक आणि त्याचा आवाज पंख्याच्या वरून नीट पोचतो, आणि धडाका कधी येणार हे आता आईलासुद्धा पाठ आहे. भोपाळला जाताना गाडीत, काचा खाली केलेल्या असतानाही 'आय मिस्ड अगेन'मधली ट्रम्पेट-सॅक्सोफोनची पिपाणी कडक वाजते, ती वाजवणारी अर्थ विंड अँड फायर या बँडची मंडळी आहेत. आणि एल. शंकर यांचं व्हायोलिन 'पॅशन'वर आहे तसं 'फेस व्हॅल्यू'वरही आहे, हे गॅब्रिएलवाले सांगत नाहीत.

कॉलिन्सकडेही खोट आहे. 1985 नंतरचे बरेच कीबोर्ड आता जुनाट वाटतात, 'सुसुडिओ' मी स्वतः पुढे ढकलतो, आणि काही गोड गाणी लग्नाच्या व्हिडिओत शोभतील अशी. तुमच्याकडे शांत खोली असेल, एसी आवाज न करणारा असेल, चांगले हेडफोन असतील, तर माझं ऐकू नका, सरळ गॅब्रिएलचा 'सो' घ्या, कदाचित माझ्या दुप्पट आनंद मिळेल.

बाकीच्यांनी आधी 'फेस व्हॅल्यू' घ्यावा. त्यानंतर गॅब्रिएलचा तिसरा, त्यात दोघंही सापडतात. फक्त ऑर्डर देताना जपून, पहिल्या चारही अल्बमांचं नाव साहेबांनी 'पीटर गॅब्रिएल' एवढंच ठेवलंय. तुम्हाला हवाय तो कव्हरवर अर्धा चेहरा वितळलेला, 'मेल्ट' म्हणतात त्याला. आणि 'अप' घ्यायचाच असेल तर डिसेंबरात घ्या, तेव्हा इथे पंखे बंद असतात.