पूरग्रस्तांच्या नावानं फाडलेली पावती

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीनं माढा, मोहोळ, करमाळ्याकडची गावं पाण्याखाली घातली, तेव्हा सोलापुरात मदत गोळा करणाऱ्यांची रीघ लागली होती. बहुतेक मंडळी खरीच होती. जुळे सोलापुरात आमच्या सोसायटीत आलेले चौघे तसे नव्हते.

"मालक, गुरं वाहून गेली, घरात चिखल आहे, पोरंबाळं शाळेत झोपताहेत," असं ते सांगत होते. त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि गोम तिथंच होती. गळ्यात ओळखपत्रं, हातात छापील पावतीपुस्तक. त्यावर ठळक 'भारत सरकार नोंदणीकृत सामाजिक संस्था' आणि खाली लांबलचक क्रमांक. मी अडीच हजार रोख दिले. शेजारच्या काकूंनी पैशांबरोबर नव्या कोऱ्या चादरी दिल्या. तिघांनी क्यूआर कोडवर पाठवले, स्क्रीनवर संस्थेऐवजी एका माणसाचं नाव आलं, तर म्हणे "खजिनदाराचं खातं आहे, काका." वर "देणगीवर आयकरात ८०जीची सवलत मिळेल" हेही सांगून गेले.

पुढं पावती सीएंकडे गेली. त्यांनी क्रमांक पाहिला आणि हसले. तो उद्यम नोंदणीचा होता. म्हणजे लघुउद्योगाचा! आधार क्रमांक टाकून, स्वतःच माहिती भरून तो फुकट मिळतो. पिठाच्या गिरणीलाही मिळतो. देणगी मागण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. ८०जीसाठी संस्थेनं देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे भरून १०बीई हे प्रमाणपत्र द्यावं लागतं, नुसत्या पावतीवर भागत नाही. शिवाय २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर सवलतच नाही. खऱ्या संस्थेचा माणूस अडीच हजारांच्या नोटा घेताना हे सांगितल्याशिवाय राहत नाही.

मग धर्मादाय कार्यालयात चौकशी केली. त्या नावाचा न्यासच नाही. आपल्याकडे सार्वजनिक न्यासाची नोंद १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली होते. धर्मादाय संस्थेच्या क्रमांकाआधी 'ई' आणि संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटी म्हणून नोंदलेली असेल तर 'एफ' असतं, शेवटी कंसात जिल्हा: सोलापूर. हा क्रमांक धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर शोधता येतो. नोंदणी नसलेल्यांना वर्गणी गोळा करायची तर कलम ४१क ची परवानगी लागते. गणपती मंडळं घेतात तीच. तो कागद दाखवा म्हटलं की भल्याभल्यांची गडबड उडते. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालच्या संस्था वेगळ्या, त्यांची नोंद कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे असते. आणि नीती आयोगाच्या 'दर्पण' या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरचा क्रमांक पुढं केला तर भुलू नका, ती देणग्या गोळा करायची परवानगी नव्हे.

पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे. ऑनलाइन पैसे गेलेल्या तिघांनी व्यवहारांचे स्क्रीनशॉट जोडले, तो माग तरी निघेल. रोख दिलेल्यांकडे पावतीशिवाय काही नाही, आणि काकूंच्या चादरी तर पावतीवरही चढलेल्या नाहीत. हिरव्या कागदावरची, 'पूरग्रस्त सहाय्यता निधी' असा शिक्का मारलेली पावती शहरात आणखी कुणाकडे असेल, तर ती फाडून टाकू नका. तिची प्रत जोडून आपापल्या ठाण्यात अर्ज द्या.